घसारा मालकाचा, झीज खेळाडूची



हिशेबाच्या वहीत घसारा नावाचे एक खाते असते. कारखान्यातील यंत्र वर्षानुवर्षे चालते, झिजते आणि एक दिवस निकामी होते. म्हणून त्याच्या किमतीचा काही भाग दर वर्षी खर्च म्हणून दाखविण्याची आणि तेवढ्या उत्पन्नावरील कर वाचविण्याची सवलत कायदा मालकाला देतो. यंत्राच्या बाबतीत यात कोणाला काही वावगे वाटत नाही. परंतु अमेरिकेतील व्यावसायिक क्रीडाक्षेत्रात हाच न्याय माणसांना लावण्यात आला. संघ विकत घेणाऱ्या धनिकाला त्या संघातील खेळाडूंचे करार ही झिजणारी मालमत्ता मानून त्यांवर घसारा काढता येऊ लागला. बेसबॉल संघांचे मालक बिल व्हीक यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास ही युक्ती रूढ केली. १९७६ च्या कायद्याने तिला मर्यादा घातली, ती एवढीच की संघाच्या किमतीपैकी निम्म्याहून अधिक रक्कम सहसा खेळाडूंच्या करारांच्या नावे दाखविता येऊ नये. २००४ मध्ये नियम पुन्हा सैल झाले आणि संघाची जवळजवळ सगळी किंमत १५ वर्षांत वजा करण्याची मुभा मालकांना मिळाली.

मालकाच्या वहीत खेळाडू झिजतो तो असा. त्याच खेळाडूचे शरीर प्रत्यक्षात झिजते, तेव्हा त्या झिजेची नोंद कोणत्या वहीत होते आणि तिची भरपाई कोण करतो, हा खरा प्रश्न आहे. तो समजून घेण्यासाठी अर्ल कॅम्पबेल या अमेरिकन फुटबॉलपटूची कारकीर्द पाहणे उपयोगी ठरेल.

अमेरिकन फुटबॉल हा आपल्याकडे फुटबॉल म्हणून ओळखला जाणारा खेळ नव्हे. यात चेंडू प्रामुख्याने हातात धरून पुढे न्यायचा असतो. मैदान १०० यार्डांचे, म्हणजे सुमारे ९१ मीटरांचे. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू. आणि चार प्रयत्नांत किमान १० यार्ड पुढे सरकायचे, अन्यथा चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. या संघात ‘रनिंग बॅक’ नावाचा जो खेळाडू असतो, त्याचे काम म्हणजे चेंडू छातीशी कवटाळून प्रतिपक्षाच्या भिंतीत घुसणे. कबड्डीत चढाई करणारा गडी दम राखून आपल्या अंगणात परतू शकतो. रनिंग बॅकला परतीची वाट नसते. त्याची बहुतेक प्रत्येक धाव जमिनीवर आपटले जाण्यातच संपते, आणि त्याला आपटणाऱ्यांचे वजन अनेकदा शंभर किलोंहून अधिक असते. कॅम्पबेल यांनी आठ मोसमांच्या व्यावसायिक कारकिर्दीत २,१८७ वेळा चेंडू घेऊन अशी मुसंडी मारली. हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे.

अर्ल कॅम्पबेल यांचा जन्म २९ मार्च १९५५ रोजी टेक्सास राज्यातील टायलर गावी झाला. टायलर हे गुलाबांच्या लागवडीसाठी प्रसिद्ध आहे. अकरा भावंडांचे काळे कुटुंब. अर्ल अकरा वर्षांचे असताना वडील वारले आणि आई अॅन यांच्यावर संसाराचा भार आला. गुलाबांच्या शेतात राबणे हे या कुटुंबाचे जीवन होते. पुढे वृत्तपत्रांनी त्यांना ‘टायलरचा गुलाब’ असे गोड नाव दिले. ते देणाऱ्यांना गुलाबाच्या शेतातील मजुरी कदाचित आठवत नसावी.

ज्या काळात हा मुलगा वाढला तो काळही ध्यानात घेतला पाहिजे. टायलरमधील शाळांत गोऱ्या व काळ्या मुलांना एकत्र बसविण्याचे काम १९७० साली न्यायालयाच्या आदेशाने झाले. टेक्सास विद्यापीठाचा १९६९ चा राष्ट्रीय विजेता संघ संपूर्णपणे गोऱ्या खेळाडूंचा होता. त्या विद्यापीठाच्या मुख्य संघातून ज्युलियस व्हिटियर हे पहिले काळे खेळाडू १९७० मध्ये खेळले. त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी, १९७४ मध्ये, कॅम्पबेल याच विद्यापीठात दाखल झाले. १९७७ च्या मोसमात त्यांनी १,७४४ यार्डांची धाव नोंदविली आणि महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वश्रेष्ठ मानला जाणारा हाइझमन करंडक मिळविला. ज्या दारातून त्यांच्या वडिलांच्या पिढीला प्रवेश नव्हता, त्या दारावर आता त्यांच्या नावाची कमान उभी राहिली. परंतु या खेळावर विद्यापीठे अमाप पैसा मिळवीत असताना खेळणाऱ्याला शिष्यवृत्तीपलीकडे काही घेण्याची बंदी होती. शौकिया खेळाची ही पवित्र कल्पना पुढे चाळीस वर्षांहून अधिक काळ टिकली. स्वतःच्या नावाचा व प्रतिमेचा मोबदला घेण्याची मुभा महाविद्यालयीन खेळाडूंना मिळाली ती २०२१ मध्ये, आणि विद्यापीठांनी आपल्या उत्पन्नातील वाटा त्यांना थेट देण्यास न्यायालयाची संमती मिळाली ती २०२५ मध्ये.

१९७८ साली कॅम्पबेल व्यावसायिक झाले. येथे ‘ड्राफ्ट’ या पद्धतीविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. अमेरिकेत मुक्त बाजारपेठेचे गुणगान अहोरात्र चालते. परंतु नवा फुटबॉलपटू आपला धनी निवडू शकत नाही. संघ पाळीपाळीने खेळाडूंची निवड करतात, आणि ज्याने निवडले त्याच्याशीच बोलणी करणे खेळाडूला भाग असते. निवडीचे हे हक्क संघ आपसांत विकतात, बदलतात. ह्यूस्टन ऑयलर्स या संघाने टँपा बे संघाला एक खेळाडू आणि निवडीचे अनेक हक्क देऊन पहिल्या क्रमांकाची निवड मिळविली व कॅम्पबेल यांना घेतले. ऑयलर्सचे मालक बड अॅडम्स हे तेलाच्या धंद्यातील धनिक होते. कॅम्पबेल यांनी मिळालेल्या पैशांतून आईसाठी नवे घर बांधले.

त्यानंतरची तीन वर्षे हा या खेळाच्या इतिहासातील एक चमत्कार मानला जातो. १९७८ मध्ये १,४५० यार्ड, १९७९ मध्ये १,६९७ आणि १९८० मध्ये १,९३४. तिन्ही वर्षी साऱ्या लीगमध्ये सर्वाधिक. २० नोव्हेंबर १९७८ च्या रात्री मायामीविरुद्धच्या सामन्यात त्यांनी १९९ यार्ड आणि चार टचडाउन केले; त्यांतील शेवटची धाव ८१ यार्डांची होती. सारा देश तो सामना दूरचित्रवाणीवर पाहत होता. त्याच वर्षी लॉस एंजेलिस रॅम्सविरुद्ध आणखी एक धाव झाली. आयझाया रॉबर्टसन हा नामांकित बचावपटू समोर उभा ठाकला असता कॅम्पबेल यांनी डोके खाली घालून त्याच्या छातीत धडक दिली, त्याला आडवा केला आणि ते पुढे निघाले. मागून ओढणाऱ्यांच्या हाती त्यांच्या सदऱ्याच्या चिंध्या आल्या. ते चित्रण आजही पुनःपुन्हा दाखविले जाते. पाहणाऱ्याच्या तोंडून आपसूक वाहवा निघते. त्या धडकेत रॉबर्टसनच्या छातीला जेवढा मार बसला तेवढाच कॅम्पबेल यांच्या मानेला व मणक्यालाही बसला असणार, हे मात्र त्या वाहवेत कोणाच्या लक्षात येत नाही.

आता आकड्यांची दुसरी बाजू पाहावी. पहिल्या वर्षी त्यांना ३०२ वेळा चेंडू देण्यात आला, दुसऱ्या वर्षी ३६८ वेळा, तिसऱ्या वर्षी ३७३ वेळा आणि चौथ्या वर्षी ३६१ वेळा. चार वर्षांत एकूण १,४०४ धावा. १९८० मध्ये ते १५ सामने खेळले. म्हणजे प्रत्येक सामन्यात सरासरी २५ वेळा त्यांना त्या भिंतीवर घालण्यात आले. प्रशिक्षक बम फिलिप्स हे प्रेमळ गृहस्थ होते आणि कॅम्पबेल यांचा त्यांच्यावर लोभ होता. म्हणूनच येथे एखादा खलनायक शोधून काम भागत नाही. फिलिप्स यांना सामने जिंकायचे होते, कारण सामने न जिंकल्यास त्यांची नोकरी जाणार होती. तशी ती गेलीही. १९८० चा मोसम संपताच, संघ ११ सामने जिंकलेला असतानाही, अॅडम्स यांनी त्यांना काढून टाकले. दयाळू मुकादमाच्या हातूनही मजुराचा अतिवापर होतो, कारण मुकादमाच्या मागे मालकाचा तगादा असतो. प्रश्न व्यक्तीच्या स्वभावाचा नसून व्यवस्थेचा आहे.

१९८१ मध्ये टेक्सासच्या विधिमंडळाने कॅम्पबेल यांना राज्याचा वीर म्हणून गौरविले. हा मान त्यापूर्वी स्टीफन ऑस्टिन, सॅम ह्यूस्टन आणि डेव्ही क्रॉकेट या राज्याच्या संस्थापक पुरुषांनाच मिळाला होता. त्याच सुमारास वीराचे शरीर उतरणीला लागले होते. १९८३ मध्ये त्यांनी आणखी एकदा १,३०१ यार्ड काढले. १९८४ च्या मोसमाच्या मध्यावर ऑयलर्सने त्यांना न्यू ऑर्लीन्स सेंट्स या संघाकडे धाडले आणि त्या बदल्यात पुढील निवडीचा हक्क घेतला. १९८५ मध्ये टॉम बेन्सन यांनी सेंट्स संघ सुमारे ७ कोटी डॉलरना विकत घेतला. त्या वेळी कॅम्पबेल त्या संघाच्या करारबद्ध खेळाडूंपैकी एक होते. आरंभी उल्लेखिलेल्या कायद्यानुसार, नव्या मालकाला खेळाडूंचे असे करार झिजती मालमत्ता म्हणून दाखविण्याची मुभा होती. ज्या शरीरावर १९७८ पासून अन्य संघाने राबणूक करून घेतली होती, त्याची उरलीसुरली झीजदेखील अशा रीतीने कोणाच्या तरी करबचतीस उपयोगी पडण्यासारखी होती. ऑगस्ट १९८६ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, कॅम्पबेल निवृत्त झाले. एकूण ९,४०७ यार्ड, ७४ टचडाउन. १९९१ मध्ये व्यावसायिक फुटबॉलच्या गौरवमंदिरात त्यांची प्रतिष्ठापना झाली.

क्रीडालेखक येथे थांबतात. शरीराची कथा येथून पुढे सुरू होते. मध्यमवयातच त्यांच्या हातांना संधिवाताने ग्रासले. एका पायाचा पंजा उचलता येईना. मणक्यातील नलिका अरुंद झाल्याचे निदान होऊन शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. गुडघ्यांवरही शस्त्रक्रिया झाल्या. काठी आली, मग चाकांची खुर्ची आली. वेदनाशामक औषधांचे व मद्याचे व्यसन जडले आणि २००९ मध्ये मुलांच्या आग्रहावरून ते व्यसनमुक्तीसाठी उपचारगृहात गेले. त्यातून ते बाहेर आले, ही गोष्टही तितकीच नोंदविली पाहिजे. अनेक वर्षे त्यांनी आपल्या दुखण्याचा दोष खेळाला दिला नाही. त्यातील काही भाग आपल्या खेळण्यातून आला असावा, असे ते २०१२ मध्ये प्रथमच उघडपणे म्हणाले.

मणक्याच्या अशा विकारात जन्मजात भाग किती आणि आघातांचा भाग किती, हे वाटून सांगणे वैद्यकशास्त्रालाही अवघड जाते. या अनिश्चिततेचा लाभ मात्र नेहमी एकाच पक्षाला मिळतो. गिरणीतील धुळीने कामगाराची छाती भरली की तो विडी ओढत होता काय, हा प्रश्न प्रथम विचारला जातो. यंत्रावर घसारा काढताना मालकाला असा पुरावा द्यावा लागत नाही. यंत्र चालले एवढे पुरते. माणसाच्या झिजेचा पुरावा मात्र माणसानेच द्यायचा!

आता असे म्हटले जाईल की हे लोक लक्षावधी डॉलर मिळवितात, त्यांना कामगार कसे म्हणावे? हा आक्षेप वरवरचा आहे. वेतन मोठे असल्याने वेतनाचे नाते बदलत नाही. ज्याच्यापाशी विकण्यास स्वतःच्या शरीराच्या शक्तीवाचून अन्य काही नाही, जो आपला धनी निवडू शकत नाही आणि शक्ती संपताच ज्याला दूर केले जाते, तो श्रमिकच होय. फुटबॉलपटूंनी स्वतः हे ओळखले होते. १९८२ मध्ये त्यांच्या संघटनेने एकूण उत्पन्नातील ५५ टक्के वाटा मागून ५७ दिवसांचा संप केला. तो वाटा मिळाला नाही, परंतु सेवासमाप्तीनंतरच्या वेतनाचे तत्त्व मान्य झाले. १९८७ मध्ये पुन्हा संप झाला. या वेळी मालकांनी बदली खेळाडू उभे करून सामने चालू ठेवले, अनेक तारांकित खेळाडूंनी संप मोडला आणि २४ दिवसांत तो कोसळला.

मैदानावर हरलेली ही लढाई पुढे न्यायालयात लढली गेली. करार संपल्यावरही खेळाडूला जखडून ठेवणारे नियम बेकायदा असल्याचा निर्णय १९९२ मध्ये मिनियापोलिस येथील ज्यूरीने दिला आणि त्यातून १९९३ मध्ये करारमुक्त खेळाडूला संघ निवडण्याचे स्वातंत्र्य आले. हा खटला फ्रीमन मॅकनील या खेळाडूच्या नावाने ओळखला जातो. मॅकनील हेदेखील रनिंग बॅक होते. आठ वादींपैकी चौघांना भरपाई मिळाली. स्वतः मॅकनील यांच्या पदरी एक डॉलरही पडला नाही. त्यांच्या नावाचा लाभ मात्र पुढील पिढीतील सर्वांनी घेतला.

दुर्दैवाची गोष्ट अशी की त्या स्वातंत्र्याचा सर्वांत कमी लाभ ज्याला झाला तो रनिंग बॅकच. कारण १९९३ च्या त्याच समझोत्यात मालकांनी एक पळवाट ठेवून घेतली. एखाद्या खेळाडूला ‘फ्रँचायझ टॅग’ लावून, ठरावीक रकमेवर, आणखी एक वर्ष बांधून ठेवता येते. पुढे २०११ च्या समझोत्याने नवोदितांचे पहिले करार चार वर्षांचे आणि निवडीच्या क्रमांकाप्रमाणे जवळपास ठरीव केले. इतर जागी खेळणाऱ्यांची उमेदीची वर्षे त्यापुढेही उरतात. रनिंग बॅकचे सर्वोत्तम शरीर मात्र याच चार वर्षांत खर्ची पडते. पंचविशी-सव्विशीत तो मुक्त होतो तेव्हा त्याला सांगितले जाते की तू फार वापरला गेला आहेस. वापरणारे आणि वापराचे कारण सांगून भाव पाडणारे एकच असतात.

पिट्सबर्गच्या लेव्हियन बेल यांनी २०१७ च्या मोसमात ४०६ वेळा चेंडू हाताळला. त्यानंतर त्यांना सलग दुसऱ्यांदा टॅग लावण्यात आला. दीर्घ मुदतीच्या हमीचा करार मिळत नसल्याने त्यांनी २०१८ चा संपूर्ण मोसम खेळण्यास नकार दिला आणि सुमारे १ कोटी ४५ लाख डॉलरवर पाणी सोडले. हा एका माणसाचा संप होता. सहकाऱ्यांपैकी काहींनी त्यांच्यावर जाहीर टीका केली. ते येत नाहीत हे निश्चित झाल्यावर त्यांच्या कपाटातील बूट व सामान वाटून घेतले. २०१९ मध्ये न्यूयॉर्क जेट्सने त्यांना मोठा करार दिला, पण पुढच्याच वर्षी मुक्त केले. २०२३ च्या जुलैमध्ये अनेक प्रमुख रनिंग बॅक दूरस्थ बैठकीत एकत्र आले आणि भाव का पडतो याची चर्चा केली. परंतु संघटनेचा करार साऱ्या खेळाडूंचा मिळून एकच असतो. एकट्या गटाला वेगळा मार्ग नाही, आणि साऱ्यांना त्या गटाचे दुःख आपले वाटत नाही.

यात संघटनेची निंदा करण्याचा हेतू नाही. तिच्यापुढील पेच खरा आहे. २०२० च्या करारात जुन्या निवृत्तांचे निवृत्तिवेतन वाढविण्यात आले. त्याच करारात मोसमात सतरावा सामना घालण्याची मुभा मालकांना मिळाली. तो करार १,०१९ विरुद्ध ९५९ अशा निसटत्या मतांनी संमत झाला. म्हणजे झिजलेल्या पिढीच्या औषधपाण्यासाठी तरुण पिढीने आणखी थोडे झिजावे, असा हा सौदा होता. श्रमिकांच्या एका पिढीकडून काढून दुसरीला देण्याची ही जुनीच रीत आहे.

आणि भरपाईची वेळ आली तेव्हा काय झाले? डोक्याला बसलेल्या आघातांबद्दल निवृत्त खेळाडूंनी लढलेल्या खटल्यातील समझोता २०१५ मध्ये न्यायालयाने मंजूर केला. परंतु बुद्धिऱ्हास मोजताना काळ्या माणसाची मूळ बौद्धिक पातळीच कमी होती असे गृहीत धरणारी कोष्टके वापरली जात होती. त्यामुळे ऱ्हास कमी दिसे आणि भरपाई नाकारता येई. नाजेह डेव्हनपोर्ट या माजी रनिंग बॅकने आणि केव्हिन हेन्री या माजी बचावपटूने २०२० मध्ये त्याविरुद्ध दाद मागितली. गवगवा झाल्यावर २०२१ मध्ये लीगने ती पद्धत सोडून देण्याचे मान्य केले. धाव घेताना ज्यांचा वर्ण कोणी विचारला नाही, त्यांच्या जखमांची किंमत ठरविताना तो विचारला गेला.

यापुढची मागणी साधी आहे. किमान तीन मोसमांची सेवा झालेल्या खेळाडूला निवृत्तीनंतर आरोग्यविमा मिळतो तो पाच वर्षांपुरता. एकतिसाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्याचा विमा छत्तिसाव्या वर्षी संपतो. मणका, गुडघे आणि मेंदू यांचे देणे चाळिशीनंतर फिटू लागते. तेव्हा वैद्यकीय जबाबदारी आयुष्यभराची असली पाहिजे. दुखणे खेळातून आलेले नाही, हे सिद्ध करण्याचा भार खेळाडूवर नव्हे, तर मालकावर असला पाहिजे. आणि रनिंग बॅकच्या पहिल्या करारांची मुदत त्याच्या शरीराच्या मुदतीकडे पाहून ठरली पाहिजे. ज्या कायद्याने खेळाडू झिजतो हे मालकाच्या सोयीसाठी मान्य केले आहे, त्याने तेच सत्य खेळाडूच्या बाजूने मान्य करावे, एवढाच याचा अर्थ.

ह्यूस्टन ऑयलर्स हा संघ आज त्या शहरात नाही. शहराने नवे मैदान बांधून देण्याचे नाकारताच अॅडम्स यांनी १९९६ च्या मोसमानंतर तो टेनेसी राज्यात हलविला. मालक संघ उचलून नेऊ शकतो. खेळाडूला आपले शरीर बदलून घेता येत नाही. २,१८७ धावांचा हिशेब त्याला त्याच शरीरात राहून चुकता करावा लागतो.